दुसऱ्यांच्या लेकींच्या कमरा

माझी आई दुसऱ्यांच्या लेकींच्या कमरा चोळायची. तेच तिचं काम होतं. बाळंतिणीची मालीश, बाळाला न्हाऊ घालणं आणि अधूनमधून एखादी दिवस गेलेली, कंबर धरून बसलेली पोरगी. सकाळी सहाला निघायची, चार घरं करून दुपारी एकला परत यायची. मी शाळेतून आले की ती फरशीवर उताणी पडलेली असायची. दोन्ही तळहात वर करून, जसं काही कुणी त्यांत प्रसाद ठेवणार आहे.

आम्ही कोष्टी. बाबांचा हातमाग समोरच्या खोलीत होता आणि लग्नानंतर आई त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. मी दुसरीत असताना माग बंद पडला. बाबा बुटीबोरीच्या एका कापड कंपनीत लागले, कंपनीच्या बसनं जायचे-यायचे. आईच्या हातांना मात्र काम उरलं नाही. मग एकदा शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली, तिची नेहमीची मालीशवाली आली नाही, आणि आई सहज म्हणाली, "आण तेल, मी पाहतो." त्या दिवसानंतर तिला बोलावणी येतच राहिली.

तिळाच्या तेलात ती ओवा आणि लसूण कढवायची. तिचे नियम होते. दिवस गेलेल्या बाईची कंबर, पाठ, पाय, एवढंच. जोर नाही लावायचा, आणि पोटाला तर हातच नाही. कुणाची सासू म्हणाली की पोटावरूनही जरा फिरव, तर आई भांडी आपटावी तशी बोलायची, "ते लेकराचं घर आहे. आपण काय कोणाच्या घरात हात घालतो का?"

मला तिच्या कामाची लाज वाटत नव्हती. मला हेवा वाटायचा. दुपारी तिच्याशेजारी पालथी पडून मी म्हणायचे, "माझी पण पाठ दाब नं आई." ती डोळे मिटूनच म्हणायची, "आता नाही वं बाई, हात उठून नाही राहिले." खरंच उठत नसत. ताटातला घास घेतानाही तिचं मनगट थरथरायचं. मी तोंड फिरवून पडले की तिला वाईट वाटायचं, आणि मग ती ते वाक्य बोलायची. मी ते किती वेळा ऐकलं असेल, मोजलेलं नाही.

"तुले दिवस जातीन नं, तवा पाहाजो. कोणाच्याच घरी जाणार नाही मी. मयनेच्या मयने तुयीच कंबर, तुयेच पाय. साऱ्याईले सांगून देईन, आता माया लेकीचा नंबर आहे."

आठ-नऊ वर्षांच्या मुलीला दिवस जाणं म्हणजे काय ते धड कळत नव्हतं. पण नंबर कळत होता.

माझं लग्न सत्ताविसाव्या वर्षी झालं. नवऱ्याचं घर शेतकऱ्याचं, उमरेडकडचं. तो स्वतः खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले आणि आम्ही शहरात, नंदनवन वस्तीत घर घेतलं. त्यानंतर आठ वर्षं गेली. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दोन्ही वेळा आई आपली सगळी घरं सोडून माझ्याकडे येऊन राहिली. पाणी आणून द्यायची, भाकरी करायची, माझे केस विंचरायची. दुसऱ्या वेळी मी तिला म्हटलं, "आई, पाठीला तेल लाव नं." ती म्हणाली, "नाही वं. आता शरीराले गप राहू दे. मालीश आनंदाची असते." आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ एकच भांडं घासत बसली.

तिनं मला कधी विचारलं नाही, की आता पुढे काय. तिनं ज्यांच्या कमरा चोळल्या होत्या त्यांची दुसरी लेकरं आता शाळेत जात होती. ती घरी येऊन त्यांच्याबद्दल बोलायची नाही.

बाबा गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी तिला लकवा झाला. सकाळची वेळ होती, कुणाच्या तरी घरी ती पायांवर बाळ घेऊन बसली होती. उजव्या हातातली तेलाची वाटी आपोआप सुटली. त्या घरची सून मला नंतर रडत रडत सांगत होती, "ताई, मावशीनं वाटीकडे पाहिलंच नाही. डाव्या हातानं लेकरू उचललं, चादरीवर नीट ठेवलं, आणि मग बाजूले कलंडली."

दवाखान्यातून आली ती आमच्याच घरी. चार पायांच्या काठीनं चार पावलं चालायची. उजवा हात छातीशी दुमडलेला, बोटं आत वळलेली. आणि बोलणं गेलं होतं. सगळं समजत होतं, पण तोंडातून दोनच शब्द निघायचे. "हाव" आणि "थांब". हाव म्हणजे हो, हे ठीक. पण थांब म्हणजे कधी पाणी, कधी पंखा बंद कर, कधी माझ्याजवळ बस, आणि कधी खरोखरच थांब. ज्या बाईचं तोंड चार घरांत चार तास चालायचं, तिच्याजवळ दोन शब्द उरले.

दीड वर्षानंतर, छत्तिसाव्या वर्षी, मला परत दिवस राहिले. या वेळी मी कुणालाच सांगितलं नाही. चौथा महिना लागला, डॉक्टर म्हणाल्या सगळं छान आहे, तेव्हा आईच्या खुर्चीसमोर खाली बसून मी तिला सांगितलं. ती आधी हसली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग तिनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, उघडून बघावा तशी त्याची बोटं एकेक सरळ केली आणि सोडली. ती परत मिटली. तिनं तो हात मांडीवर ठेवून दिला. मी चहा ठेवते म्हणून आत गेले.

सहाव्या महिन्यात दुखणं सुरू झालं. ग्रंथालयात खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढायला वाकले आणि उजव्या बाजूला, कंबर संपते आणि बूड सुरू होतं त्या खळीत, कुणी सळई घातल्यासारखं झालं. मी कपाट धरून उभी राहिले. समोरच्या मुलीला पुस्तक हवं होतं. म्हटलं, "तूच काढ गं, तिसरं आहे." त्यानंतर ते रोजचंच झालं. खुर्चीतून उठताना, ऑटोत चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना. कूस बदलायला मला पलंगाची कड धरावी लागायची. नवरा शिफ्टहून आला की विचारायचा, "दाबून देऊ का?" तो दाबायचा, बिचारा मनापासून. पण त्याचा अंगठा कधी त्या जागेच्या वर, कधी खाली. मी म्हणायचे, बरं वाटतंय. तो काय ते समजायचा.

खरं सांगायचं तर मला दुसऱ्या कुणाचा हात नकोच होता. मला त्या एका हाताचा राग यायचा, जो समोरच्या खुर्चीत छातीशी दुमडून बसलेला होता. आणि राग आल्याचं वाईट वाटायचं.

शेवटी शेजारणीनं एक मालीशवाली पाठवली. धडधाकट बाई, हातात हिरव्या बांगड्या, बोलायला गोड. मी चटईवर कुशीवर झोपले. आईची खुर्ची खिडकीजवळ होती. बाईनं तेल घेतलं आणि कमरेवर जोरानं रगडायला सुरुवात केली. दुखत होतं, पण मला वाटलं असंच असतं. मग ती म्हणाली, "ताई, उताण्या व्हा बरं. लेकरू खाली सरकलं वाटते, म्हणून कंबर दुखून राहिली. थोडं वर करून देतो." आणि तिनं दोन्ही हात माझ्या पोटाच्या खालच्या बाजूला लावले.

"थांब!"

मी दचकले. आई खुर्चीतून अर्धी उठली होती. "थांब! थांब! थांब!" चेहरा लाल, काठी फरशीवर आपटत होती. बाई म्हणाली, "काहून ओरडून राहिली म्हातारी? डोकं फिरलं का?" मी म्हटलं, "तिला लकवा आहे, तिला तेवढाच शब्द येतो." आणि हे म्हणताना माझ्या लक्षात आलं, की आज त्या शब्दाचा अर्थ थांब असाच आहे. मी उठून बसले. "पोट नको बाई. राहू द्या." ती बाई तणतणत निघून गेली. आई कितीतरी वेळ धापा टाकत होती. मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. ती डाव्या हातानं माझ्या केसांवर थोपटत राहिली, अगदी हलकेच, बाळाला झोपवतात तसं.

तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्या चिडल्या. "पोट कुणालाही दाबू देऊ नका. तुमच्या आईला शाबासकी द्या माझ्याकडून." मग त्यांनीच एक पत्ता दिला. मणक्याच्या आणि सांध्यांच्या उपचाराचं परदेशात रीतसर शिक्षण घेऊन आलेली एक बाई शहरात परतली होती, गरोदर बायकांना ती सांभाळून तपासायची. पाटीवर कायरोप्रॅक्टिक असं लिहिलेलं होतं. माझ्या फोनवर त्या नावाचे व्हिडिओ यायचे, माणसाची मान पकडून कटकन फिरवतात तसले. मी म्हटलं, "डॉक्टर, ती माझी हाडं मोडणार तर नाही ना?" त्या हसल्या. "तसं काही करणार नाही. पण अंगावर रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर तिकडे जायचं नाही. आधी माझ्याकडे."

आईला एकटीला घरी ठेवता येत नव्हतं, म्हणून तिलाही सोबत नेलं. ऑटोवाल्याला सांगितलं, दादा, गतिरोधकावर हळू घ्या. तो म्हणाला, "ताई, तुम्ही सांगा तसं," आणि सक्करदऱ्यातल्या तिच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीच्या वेगानं चालवली. मागून लोक हॉर्न वाजवत होते आणि तो मान बाहेर काढून त्यांना समजावत होता, "अरे, गाडीत दोन जिवाची बाई आहे बे!"

त्या डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहानच असतील. आधी अर्धा तास नुसतं विचारलं. चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, दोन्ही खुब्यांवर हात ठेवून बघितलं. म्हणाल्या, "या दिवसांत कमरेचे सांधे सैल होतात, बाळाला वाट करून द्यायची असते म्हणून. तुमची एक बाजू सैल झाली आहे आणि दुसरी अडून बसली आहे. आपण अडलेलीला समजावू." मला कुशीवर झोपवलं, गुडघ्यांच्या मधे उशी, पोटाखाली उशी. टेबलाचा एक भाग थोडा वर उचललेला असायचा आणि त्यांनी तळहातानं हलकंसं ढकललं की तो धप्पकन अर्धा बोट खाली जायचा. तेवढंच. कट नाही, कळ नाही.

मग त्यांनी खळीभोवती बोटं फिरवायला सुरुवात केली. आई भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून टक लावून बघत होती. मला तिचे डोळे दिसत होते. कुणी तिच्या चुलीवर स्वयंपाक करत असावं आणि ती पाहुणी म्हणून बसलेली असावी, तशी. मग ती काठी टेकत उठली.

"थांब," ती म्हणाली. या वेळी हळू.

डॉक्टरबाईंनी हात उचलले. मी सांगितलं, "माझी आई. ती मालीश करायची. पंचवीस वर्षं."

"अरे! मग या ना काकू," त्या म्हणाल्या आणि खरोखरच सरकल्या. आईनं डाव्या हाताचं बोट माझ्या कमरेवर ठेवलं. जिथे डॉक्टर दाबत होत्या तिथून दोन बोटं खाली आणि जरा बाहेर. डॉक्टरबाईंनी तिथे अंगठा टेकवला. "इथे?"

"हाव," आई म्हणाली.

त्याच वेळी माझ्या तोंडून "आई गं" निघालं. तीच जागा होती. दोन महिने जी कुणालाच सापडत नव्हती, मलाही सांगता येत नव्हती. आईनं ती नुसती बसून, मी उठताना-बसताना बघून शोधली होती.

डॉक्टरबाईंनी तिथे बरंच काम केलं. मग हात पुसत त्यांनी विचारलं, "काकू, तुम्ही ठेवता का हात जरा वेळ?" आईनं डावा तळहात तिथे ठेवला. दाबायचा प्रयत्न केला. तो हात कांड्या भरताना आणि मालीश करताना नेहमी मदतनीस होता, मुख्य काम त्यानं कधी केलंच नव्हतं. त्याला काही येत नव्हतं. तो नुसता टेकून राहिला आणि मी डोळे मिटून पडून राहिले.

त्या हातानं माझं दुखणं कमी झालं, असं मी म्हणणार नाही. दुखणं कमी झालं ते त्या शिकलेल्या बाईंच्या सहा-सात भेटींनी, त्यांनी शिकवलेल्या व्यायामांनी आणि कुशीवर झोपताना उशी घेतल्यानं. पूर्ण गेलं नाही, पण ऑटोत चढता येऊ लागलं, खालच्या कप्प्यातलं पुस्तकही गुडघ्यावर बसून काढता येऊ लागलं. आई प्रत्येक वेळी सोबत आली. डॉक्टरबाई तिला दरवेळी विचारायच्या, "काकू, आज कुठे?" आणि ती बोट ठेवायची. पण खोटं कशाला बोलू, त्या टेबलावर पडून मी दरवेळी मनात आईचा उजवा हात शोधायचे. तो कसा लागत असेल? रुंद? खरखरीत? माझ्या पाठीला तो माहीतच नव्हता. ज्या गोष्टीची चव कधी घेतली नाही तिची आठवण कशी येते, ते मला अजून समजलेलं नाही.

मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. आईच्या मांडीवर उशी ठेवून आम्ही तिला तिथे ठेवलं. आईनं तिच्याकडे बघून एक लांबलचक आवाज काढला, त्यात दोन्हींपैकी एकही शब्द नव्हता. माझ्या मालीशीसाठी सासूबाई गावाहून आल्या. त्यांनी प्रेमानं केलं, आणि आई खुर्चीतून बघत होती, त्यामुळे त्या जरा घाबरतच करायच्या. "तुमच्या आईच्या पुढे मले हात लावाले भेव वाटते बाई," म्हणायच्या.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. आई आमच्याकडेच आहे. मागच्या महिन्यात दुपारी दार वाजलं. पन्नाशीची एक बाई उभी होती, हातात संत्र्यांची पिशवी. म्हणाली, "मावशी इथी राहतात म्हणे. मायी दोन्ही बाळंतपणं त्यायनंच केली." आत आली, आईच्या पायाशी खाली बसली आणि आईचा उजवा हात हातात घेऊन रडायला लागली. आई तिला ओळखायचा प्रयत्न करत होती. ओळख पटली तेव्हा "हाव, हाव" म्हणाली.

मी चहा केला. बाई डोळे पुसत आपल्या लेकांच्या नोकऱ्या सांगत होती. मला ते ऐकायचं नव्हतं. मी मधेच विचारलं, "आई मालीश कशी करायची?"

"म्हणजे?"

"म्हणजे सुरुवात कुठून करायची? कंबर दुखत असली की पहिला हात कुठे ठेवायची?"

बाई जरा गोंधळली. "पह्यले तं काहीच नाही करे. तेल लावून दोन्ही हात कमरेवर ठेवे आणि चूप बसून राहे. मले वाटे, ही सुरू काहून नाही करत. मग कधी सुरू केलं ते समजेच ना."

"हात गरम असायचे?"

"हाव तं. शेगडीवर शेकून घे नं."

"आणि जोर?"

"जोर नाही वं. वजन. आपलं सारं वजन टाकून दे अंगावर, पण दुखे नाही." ती आईकडे बघून हसली. "आणि बोले किती! तिखटाचा भाव, टीव्हीतली भांडणं, काय काय. मी झोपूनच जाओ."

आई खिडकीबाहेर बघत होती. ऐकत होती की नाही, सांगता येणार नाही. बाई उठायला लागली. म्हणाली, "चालतो आता, घरी स्वयंपाक पडला."

मी म्हटलं, "बसा ना, आणखी एक कप घ्या." आणि तिनं हो म्हणायच्या आत तिचा कप घेऊन आत गेले. पातेल्यात पाणी टाकलं, साखर टाकली, आणि तिथूनच मोठ्यानं विचारलं, "आणि पाय? पाय कसे दाबायची?"